शाफ्टचा जॉइंट क्रॉस : हंगामापूर्वी पाहणी, निगा आणि बदल



गळीत हंगाम तोंडावर आला की ट्रक, ट्रॅक्टर, ट्रॉल्या यांची डागडुजी सुरू होते. टायर पाहिले जातात, बॅटरी पाहिली जाते, ब्रेकचे लायनर बदलले जातात. पण गाडीच्या पोटाखाली जो लांब शाफ्ट फिरतो, त्याच्या जॉइंट क्रॉसकडे सहसा कोणी वाकून पाहत नाही. ‘चालतंय ना, मग चालू दे,’ म्हणून गाडी तशीच उसाला जुंपली जाते. पुढे भरल्या गाडीने चढ चढताना क्रॉस तुटतो आणि गाडी जागेवर उभी राहते. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा, असे आपण नेहमी म्हणतो. वाहनच रस्त्यात अडकले तर ते साधायचे कसे? वजनातली घट ज्याचा ऊस त्याच्या पदरात पडते, आणि उताऱ्यातली घट आपणा सर्वांच्या. म्हणून या छोट्या भागाची माहिती आम्ही येथे जरा सविस्तर देत आहोत.

क्रॉस कशासाठी असतो?

ट्रकचे इंजिन आणि गिअरबॉक्स चेसिसला बांधलेले असतात. मागचा आस मात्र पाट्यांवर खालीवर होत राहतो. त्यामुळे मधला शाफ्ट कायम थोडा तिरका फिरतो आणि खड्ड्याखड्ड्याला त्याचा कोन बदलतो. कोन बदलला तरी ताकद मागे पोचावी, म्हणून शाफ्टच्या टोकांना युनिव्हर्सल जॉइंट बसवलेला असतो. आयटीआयच्या पुस्तकात त्यालाच ‘हूक जॉइंट’ म्हणतात. सतराव्या शतकातील इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याचे ते नाव. मोटारीसाठी बंदिस्त जॉइंटचे पेटंट अमेरिकेत क्लॅरेन्स स्पायसर यांना १९०३ साली मिळाले.

रचना साधी आहे. मध्ये चार हातांचा पोलादी क्रॉस. प्रत्येक हातावर एक कप, आणि कपात बारीक सुयांसारखे रोलर. समोरासमोरचे दोन कप एका योकमध्ये, उरलेले दोन दुसऱ्या योकमध्ये. कप बाहेर येऊ नये म्हणून लॉक किंवा पट्टी असते.

झिजतो कसा?

चाकाच्या बेअरिंगचे रोलर पूर्ण फेरा घेतात, त्यामुळे ग्रीस सगळीकडे पसरते. क्रॉसमधल्या सुया मात्र जागच्या जागी थोड्याशाच पुढेमागे हलतात, आणि सगळा भार त्याच जागेवर येतो. ग्रीस सुकले किंवा सील फाटून चिखलपाणी आत गेले, की त्या जागी गंज धरतो आणि क्रॉसच्या हातावर सुयांच्या रेघा उमटतात. बोटाचे नख फिरवले तर त्या नखाला लागतात. जादा भार, फडातल्या ओल्या जमिनीत क्लच झटक्याने सोडणे, यांनी हे काम लवकर होते.

खूण कशी ओळखावी?

क्रॉस एकदम तुटत नाही, आधी इशारा देतो. गाडी उचलताना किंवा रिव्हर्स टाकताना ‘खट्ट’ असा आवाज येतो. हळू चालताना चिमणीसारखी चिवचिव ऐकू येते, ती ग्रीस संपल्याची. वेग वाढला की केबिनच्या तळाला थरथर जाणवते. कपाच्या सीलभोवती तांबूस भुकटी दिसली, तर आतले पोलाद गंजून बाहेर पडत आहे असे समजावे.

पाहणीसाठी गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून उभी करावी. चाकांना पुढूनमागून ओट लावावेत आणि मगच गिअर न्यूट्रल करावा. एका हाताने फ्लँज घट्ट धरून दुसऱ्या हाताने शाफ्ट पिळून पाहावा, मग वरखाली हलवावा. कप आणि क्रॉस यांच्यामध्ये डोळ्यांना दिसेल असा खेळ असेल, तर तो क्रॉस हंगामाला नेऊ नये. लांब शाफ्टला मध्ये सेंटर बेअरिंग असते. त्याचे रबर फाटले आहे का, तेही पाहावे.

तुटलेला शाफ्ट पुढच्या बाजूने खाली पडला, तर तो रस्त्यात रुतून गाडी उचलू शकतो. उतारावर तुटला तर गिअरचा धर जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. मागे पुढे माणसे चाललेली असतात, हे ध्यानात ठेवावे.

दुरुस्ती की बदल?

झिजलेला क्रॉस वेल्डिंगने भरून, घासून पुन्हा बसवावा का, अशी विचारणा होते. आमचे उत्तर ‘नको’ असे आहे. क्रॉसचा पृष्ठभाग कडक केलेला असतो, वेल्डिंगच्या उष्णतेने तो कडकपणा जातो. चारपैकी एकच कप बदलणेही व्यर्थ. क्रॉस, चारही कप, सील आणि लॉक असा पूर्ण संच बदलावा. योकचे भोक मोठे होऊन कप त्यात सैल बसत असेल, तर पत्र्याची चकती घालणे किंवा पंचाने टोचे मारून कप आवळणे हा उपाय नव्हे, तेथे योकच बदलावा. चार पैसे वाचवण्यासाठी केलेला असा जुगाड भर रस्त्यात अंगलट येतो.

बसवताना घ्यावयाची काळजी

१. शाफ्ट सोडण्यापूर्वी चाकांना ओट लावलेच पाहिजेत. शाफ्ट निघाला की गाडी गिअरमध्ये असली तरी थांबत नाही.

२. फ्लँज, योक आणि शाफ्टच्या सरकत्या भागावर पंचाने खुणा कराव्यात. नुसती खडूची खूण तेलाने पुसून जाते.

३. लॉक काढून शाफ्ट वाईसमध्ये घ्यावा. एका बाजूस कपापेक्षा किंचित लहान आणि दुसऱ्या बाजूस कप आत मावेल असा मोठा सॉकेट लावून, वाईस आवळून कप बाहेर काढावा. शाफ्टच्या नळीवर घण मारू नये. नळीला पोचा पडला की तोल बिघडतो. नळीवर डकवलेल्या छोट्या पट्ट्या तोल साधण्यासाठीच असतात, त्या काढू नयेत.

४. नव्या कपात सुया ग्रीसने चिकटवून घ्याव्यात. कप आत जाताना लॉकची खाच पुरती उघडी पडत नसेल, तर एखादी सुई आडवी पडली आहे असे समजावे. जोर न लावता कप परत काढून पाहावा.

५. ग्रीसचे निपल ग्रीसगन पोचेल अशा बाजूला यावेत. नाहीतर पुढे ग्रीस देणेच राहून जाते.

६. लॉक बसल्यावर क्रॉस हाताने सर्व बाजूंना सहज हलला पाहिजे. अडत असेल तर योकवर हलके टोले द्यावेत.

७. फ्लँजचे बोल्ट त्याच दर्जाचे, हाय टेन्साइल वापरावेत. बाजारातला साधा बोल्ट चालत नाही. पहिल्या खेपेनंतर ते पुन्हा आवळून पाहावेत.

दुसऱ्या कलमातील खुणा का महत्त्वाच्या, हे नीट समजून घ्यावे. जॉइंट तिरका असला की एका बाजूने सारख्या वेगाने फिरवले तरी दुसरी बाजू सारख्या वेगाने फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात ती दोनदा जलद आणि दोनदा मंद होते. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत असतील आणि दोन्हीकडचे कोन सारखे असतील, तर एका जॉइंटचा झटका दुसरा जॉइंट खाऊन टाकतो. सरकता भाग एखादा दाता चुकून बसला, की नवा क्रॉस घालूनही थरथर जात नाही, आणि मग ‘माल खराब निघाला’ म्हणून दुकानदाराला बोल लावला जातो.

रोटाव्हेटरचा शाफ्ट

ट्रॅक्टरच्या पीटीओ शाफ्टलाही हेच क्रॉस असतात. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे फिरत असेल आणि जॉइंटचा कोन ३० अंश झाला, तर जॉइंटच्या पुढच्या बाजूचा वेग प्रत्येक फेऱ्यात सुमारे ४६८ आणि ६२४ या दरम्यान हेलकावतो. बांधावर वळताना रोटाव्हेटर उचलला की जी खडखड ऐकू येते, ती हीच. अशा वेळी पीटीओ बंद करून मगच अवजार उचलावे. क्रॉसचे आयुष्य वाढते.

दुसरी गोष्ट जिवाची आहे. ५४० फेरे म्हणजे सेकंदाला नऊ. धोतराचा सोगा, लुगड्याचा पदर किंवा गळ्यातला टॉवेल एकदा गुंतला, तर हात काढायलाही सवड मिळत नाही. शाफ्टवरचे प्लॅस्टिकचे आवरण अडचणीचे वाटते म्हणून काढून टाकू नये. गुंडाळलेले पाचट सोडवायचे तर आधी इंजिन बंद करावे, किल्ली खिशात घालावी, मगच हात लावावा.

ग्रीस

लिथियमचे २ नंबरचे ईपी ग्रीस वापरावे. निपल आधी पुसून घ्यावा. चारही सीलमधून ताजे ग्रीस डोकावेपर्यंत गन मारावी. तीन कपांतून आले आणि चौथ्यातून आले नाही, तर तोच कप कोरडा आहे, आणि पुढे तोच क्रॉसला खाणार. ट्रकला कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे ग्रीस द्यावे. पाण्याचिखलातून गाडी गेली असेल, तर मुदतीची वाट पाहू नये. रोटाव्हेटरला कामाच्या दिवशी सकाळी रोज द्यावे. काही क्रॉस बिननिपलचे, कायम बंद असतात. त्यांना ग्रीस देता येत नाही, खेळ दिसला की बदलणे एवढेच हाती असते.

तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही. मोळी पूजनाच्या आधी एक दिवस काढून आपले वाहन सपाट जागेवर घ्यावे, ओट लावावेत आणि ग्रीसगन घेऊन खाली शिरावे. ड्रायव्हर दुसरा असेल तर त्याला सोबत घ्यावे. खट्ट आवाज पहिल्यांदा त्याच्याच कानी पडणार आहे. आवाज आल्याचे सांगेल त्याच्यावर रागावू नये, त्याच दिवशी गाडी मिस्त्रीकडे न्यावी.