पुरवून वापरणे

माझी धाकटी बहीण चिमी चार वर्षांची आहे. ती वाडीतल्या अंगणवाडीत जाते. मला वाटायचे, तिथे नुसती गाणी आणि खिचडी. पण तसे नाही.

मागच्या उन्हाळ्यात आमची विहीर आटली. आई लांबच्या हापशावरून पाणी आणायची. एकदा मी तांब्याभर पाणी घेतले, दोन घोट प्यालो आणि बाकीचे फेकून दिले. चिमी रडायलाच लागली. म्हणाली, "दादा, ते झाडाचं होतं!" आई तेव्हाच परत हंडा घेऊन निघाली होती. मला फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी अंगणवाडीत जाऊन पाहिले. मुले घमेल्यावर हात धुतात. ते पाणी शेवग्याला घालतात. मोजायला चिंचोके आणि खडे असतात, त्याला पैसे पडत नाहीत. चेंडू एकच, पोरं वीस! म्हणून पाळीपाळीने खेळतात. ताई आधी थोडेच वाढतात, लागले तर पुन्हा देतात. म्हणून ताटात उरत नाही आणि शेवटच्यालाही पुरते.

मी विचारले, "ताई, एवढ्याशा पोरांना हे कळतं का?" ताई म्हणाल्या, "सांगून नाही कळत. रोज हातानं केलं की सवय लागते."

गुरुजी म्हणाले, ही रीत जुनी आहे. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी गावी बालवाडी काढली. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. शहरातली महाग साधने खेड्याला परवडत नव्हती. म्हणून त्यांनी गावात मिळणाऱ्या वस्तूंनीच शिकवले. जी मुले शाळेत येत नव्हती, त्यांच्या अंगणात शाळा नेली. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातही शाळा भरवली. म्हणजे पैसा वाचला आणि कोणी मागे राहिले नाही.

नुसते झाड लावले म्हणजे झाले असे नाही. पाणी राखायचे, वाटून घ्यायचे, पैसा जपायचा, हे सगळे त्यात येते. माझी आजी याला 'पुरवून वापरणे' म्हणते. आज सगळ्यांना पुरावे आणि उद्याच्यांनाही उरावे.

आता माझ्या तांब्यातले उरलेले पाणी पेरूच्या झाडाला जाते. आलेल्या पालकांना एक विनंती. तुमचे लहान पोर हात धुताना घमेले मागू लागले, तर रागावू नका. द्या. आणि तुम्हीपण त्यातच हात धुवा. नाहीतर अंगणवाडीत एक आणि घरी दुसरेच, असे झाले तर ते काय शिकणार?