ऐकलेल्या गाण्याची साक्ष

महाराष्ट्रात गाणे ऐकणारे जितके आहेत, जवळजवळ तितकेच ऐकलेले गाणे सांगणारेही आहेत; आणि गेल्या शतकातील आपल्या संगीताचा इतिहास लिहावयास जो कोणी बसेल, त्याला ध्वनिमुद्रिकांच्या आधी या सांगणाऱ्यांचे दार ठोठावावे लागेल, असे माझे स्पष्ट मत आहे. अल्लादियाखाँसाहेबांनी (१८५५–१९४६) आपल्या गाण्याचे ध्वनिमुद्रण होऊ दिले नाही. भास्करबुवा बखल्यांचा (१८६९–१९२२) स्वर कोणत्याही तबकडीवर उपलब्ध नाही. ज्या दोन थोर गवयांनी मराठी मुलुखाची अभिरुची घडविली, त्यांचे गाणे आज केवळ समोर बसून ऐकलेल्यांच्या शब्दांत शिल्लक आहे, आणि ‘माझा संगीत व्यासंग’ (१९३९) हा गोविंदराव टेंब्यांचा ग्रंथ नसता, तर त्या शब्दांचाही मोठा भाग काळाच्या उदरात गडप झाला असता.

जेथे तबकडी उपलब्ध आहे, तेथेही साक्षीची निकड सरत नाही. गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकरांनी मोजक्या तबकड्या दिल्या. त्या काळच्या तबकडीची एक बाजू सुमारे ३ मिनिटांत संपे, आणि ज्या गायकीचा प्राणच संथ लयीतील दमदार, अखंड आलापात होता, ती एवढ्या अवधीत मांडणे म्हणजे पुराच्या पाण्याला ओंजळीत धरणे होते. त्यांची एक भैरवी १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानाबरोबर अंतराळात गेली आणि त्याच वर्षी त्या निवर्तल्या. ती भैरवी ऐकून आपण मुग्ध होतो. परंतु ज्यांनी बाईंना मैफलीत ऐकले, ते षड्ज लागताच सभेत पसरणाऱ्या दराऱ्याविषयी, न तुटणाऱ्या दमाविषयी आणि समेवर येण्यातील त्या राजेशाही थाटाविषयी बोलू लागतात, तेव्हा तबकडीबाहेर किती राहिले याची खरी कल्पना येते.

जाणता श्रोता मैफल सांगताना रागापासून आरंभ करीत नाही, हे मी वारंवार पाहिले आहे. बैठक कोठे होती, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, बुवांचा आवाज आरंभी कसा बसला होता आणि मध्यरात्रीनंतर कसा मोकळा झाला, हा तपशील आधी येतो. मग एखादी जागा तो स्वतः गुणगुणून दाखवितो, आणि ती जमली नाही की हाताने तिचा आकार काढतो. अशा वेळी दुसरा श्रोता शेजारी असेल तर तंटा ठरलेलाच. एक म्हणतो शुद्धकल्याण होता, दुसरा शपथेवर सांगतो की भूप होता. दोघांचा आरोह एकच. अवरोहात निषाद आणि तीव्र मध्यम मींडेतून निसटता लागला की नाही, एवढ्यावर निकाल अवलंबून असतो. हा तंटा ज्याने लहानपणी ऐकला, त्याचे कान पुढील मैफलीत त्या मींडेची वाट पाहत राहतात. रागाचे असे शिक्षण कोणत्याही क्रमिक पुस्तकात मिळणे नाही.

मात्र ही साक्ष सर्वांना सारखी देता आली नाही, हेही नमूद केले पाहिजे. मजलस दरबारात, सरदारांच्या वाड्यात वा शेठजींच्या दिवाणखान्यात होई; निमंत्रणाशिवाय तेथे प्रवेश नसे, आणि सामान्य घरातील स्त्रीला तर तो जवळजवळ बंदच होता. तिकीट लावून नाट्यगृहात जलसे होऊ लागले आणि हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिका सभ्य, शांत पद्धतीने व्यासपीठावर बसून गाऊ लागल्या, तेव्हा कुटुंबवत्सल स्त्रिया श्रोतृवर्गात उजळ माथ्याने आल्या. मला हा बदल कोणत्याही घराण्याच्या उदयाइतका मोठा वाटतो.

पुढे १९५३ साली भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला आणि ऐकणे हे हजारोंचे सामाईक वतन झाले. डिसेंबरच्या थंडीत शाली, सतरंज्या आणि चहाचे थर्मास घेऊन रात्रभर बसलेल्या त्या समुदायाच्या आठवणी आजही पुण्यातील घराघरांत सांगितल्या जातात: उत्तररात्रीचा दरबारी, पहाटे मंडपाच्या कनातींतून उजेड येऊ लागताना ऐकलेला ललत, आणि सांगतेला वाजणारी सवाई गंधर्वांची जुनी ध्वनिमुद्रिका. हे श्रोते रागाचा समय पुस्तकातून शिकले नाहीत. त्यांच्या जागरणाने तो त्यांना शिकविला.

ध्वनिप्रदूषणविषयक २००० सालच्या नियमांनी रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपकास मनाई झाली, आणि शासनाने काही दिवसांपुरती दिलेली मध्यरात्रीपर्यंतची मुभा वगळता अशा महोत्सवांची रात्र संपली. त्या नियमास मी दोष देत नाही. आजाऱ्याची आणि तान्ह्या मुलाची झोप हीही समाजाची जबाबदारी आहे. परंतु मालकंस, दरबारी, अडाणा हे राग आपापल्या प्रहरी ऐकलेला तरुण आता विरळा झाला, ही हानी आहे, आणि ती भरून काढण्याचा मार्ग नियमातच आहे: बंदिस्त सभागृहांना तो अटकाव करीत नाही. दोनशे माणसांच्या लहान दालनात, ध्वनिक्षेपकाविना, रात्रभराची बैठक प्रत्येक शहरातील संगीत मंडळास वर्षातून एकदा तरी भरविता येईल.

त्याचबरोबर या मंडळांनी नोंदवही ठेवण्याचा शिरस्ता पाडावा. तारीख, स्थळ, साथीदार, राग, बंदिश, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, आणि त्याखाली चार-पाच श्रोत्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत. मतभेद असल्यास दोन्ही बाजू. पन्नास-साठच्या दशकांतील मैफली ऐकलेली पिढी आज ऐंशीच्या पुढे आहे, तेव्हा तिच्या जबान्या प्रथम घ्याव्यात, आणि त्यांतही आरंभ स्त्रियांपासून करावा. कारण टेंब्यांपासून आजवर छापलेल्या आठवणी बहुतांशी पुरुषांच्या आहेत, आणि मंडपात त्यांच्याच शेजारच्या सतरंजीवर बसून ऐकणाऱ्या आया, आत्या आणि मावश्यांना त्या रात्री काय ऐकू आले, हे त्यांना अद्याप फारसे कोणी विचारलेलेच नाही.