बर्फावरचं जॅकेट आणि आपली धुण्याची बादली

गुलमर्ग, औली किंवा सोलंगला स्कीइंग करून आलेल्या जॅकेटचं आपल्याकडे दोनपैकी एक होतं. महागाचं म्हणून ते न धुताच कपाटात जातं, नाहीतर चादरींबरोबर पावडरच्या पाण्यात रात्रभर भिजत पडतं. दोन्हींमुळे त्याचं आयुष्य घटतं. न धुणं तर जास्तच नडतं, हे मला इथे ठासून सांगायचं आहे.

त्यासाठी हे कापड समजून घ्यायला हवं. बाहेरच्या नायलॉनवर किंवा पॉलिस्टरवर पाणी झटकणारा लेप असतो आणि त्याच्या आत एक पातळ पडदा. १९६९ साली अमेरिकेत बॉब गोअर यांनी टेफ्लॉनच्या जातीचं प्लास्टिक झटक्यात ताणून पाहिलं, त्यातून गोअर-टेक्सचा पडदा निघाला. त्याच्या छिद्रांतून घामाची वाफ बाहेर पडते, पाण्याचा थेंब मात्र आत शिरत नाही. वरचा लेप मळाने, तेलाने किंवा साबणाच्या राहिलेल्या अंशाने झाकला गेला की कापड पाणी पिऊ लागतं. ओल्या कापडातून वाफेला वाट मिळत नाही, घाम आतच गार होतो आणि माणसाला वाटतं की जॅकेट गळतंय. खरं तर त्याला फक्त धुण्याची गरज असते.

पारख सोपी आहे. खांद्यावर पाण्याचे चार थेंब टाका. मोत्यांसारखे घरंगळले तर लेप शाबूत आहे. कापड गडद होऊन थेंब पसरले तर धुवायची वेळ झाली.

सगळ्यात जास्त मळतो तो गळ्याचा भाग. हनुवटीखाली सनस्क्रीन, लिप बाम आणि घाम यांचा थर बसतो. हल्ली हा त्रास वाढण्याचं कारणही आहे. जुन्या लेपांत फ्लोरिनयुक्त रसायनं असत, ती पाण्याबरोबर तेलही झटकत. ती निसर्गात वर्षानुवर्षं टिकून राहतात म्हणून त्यांच्यावर बंधनं येत आहेत. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २०२३-२४च्या हंगामापासून स्पर्धांत स्कींना लावायचं फ्लोरिनचं मेण बंद केलं, फ्रान्सने २०२६पासून अशी रसायनं असलेल्या बहुतेक कपड्यांवर बंदी आणली. हा बदल योग्यच आहे. पण नवे लेप तेल फारसं झटकत नाहीत, म्हणून ही जॅकेटं जास्त वेळा धुवावी लागतात.

गळ्यावर आणि खुर्चीच्या लिफ्टवरून लागलेल्या काळ्या ग्रीसच्या डागावर आधी टाल्कम पावडर भुरभुरून तेल शोषू द्यावं. मग भांड्यांचं पातळ लिक्विड दोन थेंब बोटाने लावून, मऊ टूथब्रशने कडेकडून मध्याकडे हलकेच घासावं आणि भरपूर पाण्याने काढावं. काही सनस्क्रीनमधला ॲव्होबेन्झोन लोहयुक्त पाण्याशी मिळून गंजासारखे डाग पाडतो. त्यावर ब्लीच टाकलं तर डाग आणखी पक्का होतो. त्याऐवजी लिंबाचा रस लावावा, पण आधी आतल्या कोपऱ्यावर लावून रंग टिकतो का ते पाहावं. रक्त आणि केशराचा कहवा लगेच गार पाण्याने धुवावा, गरम पाणी लावू नये.

मग पूर्ण धुणं. खिसे रिकामे करून चेन आणि वेल्क्रो बंद करावेत. मशीनचा साबणाचा कप्पा आधी पुसावा, जुनी पावडर त्यातच साचलेली असते. सौम्य लिक्विड, लेबलवर असेल तेवढंच कोमट पाणी, आणि खळबळणं एकदा जास्त. कपडे मऊ करणारं कंडिशनर अजिबात नको, त्याचा थर लेपाला निकामी करतो. पिळू नये. टॉप लोड मशीनमध्ये जोरात फिरवूही नये, कारण कापडाच्या पोटात पाणी अडकून ड्रमचा तोल जातो.

वाळल्यावर मंद उष्णता दिली की लेप पुन्हा कामाला लागतो. आपल्याकडे ड्रायर क्वचितच असतो. लेबलवर इस्त्रीला मनाई नसेल तर मधे सुती कापड ठेवून, वाफ बंद करून, अगदी कमी तापमानावर इस्त्री फिरवावी. तरीही थेंब पसरत असतील तर नव्या लेपाचा स्प्रे घ्यावा.

स्कीइंगचा सूट भाड्याने घेणाऱ्यांनी आतले लोकरी किंवा सिंथेटिक कपडे स्वतःचेच न्यावेत. लोकरीचे न पिळता सपाट वाळवावेत.

मुंबई-कोकणात राहणाऱ्यांनी एक जास्त काळजी घ्यावी. जॅकेट पूर्ण कोरडं करून हँगरला सैल टांगावं, दाबून पिशवीत कोंबू नये. अनेक जॅकेटांना आतून असलेला पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा थर दमट हवेत चिकट होऊन सुटू लागतो, आणि तो एकदा सुटला की कुठल्याच धुण्याने परत बसत नाही.