कागद फोनमध्ये ठेवले, पण वेळेला सापडतील का?



सातबारा, आठ-अ, फेरफार, सोसायटीचा बेबाकी दाखला, खताची बिले, पीक विम्याची पावती. हे सारे पूर्वी पत्र्याच्या ट्रंकेत, लुगड्यांच्या घडीखाली असायचे. आपल्या लोहारा तालुक्यात, विशेषतः सास्तूरच्या बाजूला, ट्रंक गाडली जाणे म्हणजे काय हे कुणाला सांगावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे घरांबरोबर ट्रंका गेल्या आणि ट्रंकांबरोबर कागदही मातीखाली गेले. त्या मानाने आजचे दिवस बरे. डिजिटल सहीचा सातबारा हरवला तर पुन्हा काढता येतो. पण सगळेच कागद पुन्हा निघत नाहीत. पाण्यात उभ्या असलेल्या सोयाबीनचा फोटो दुसऱ्यांदा काढता येत नाही. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत आपल्या जिल्ह्यात अनेकांनी असे फोटो काढले. त्यातले किती फोटो आज पाच मिनिटांत दाखवता येतील? फोनमध्ये ते असतात, पण लग्नाचे, बारशाचे आणि सकाळच्या शुभेच्छांचे हजारो फोटो त्यांच्यावर रचलेले असतात.

म्हणून हल्ली गावात गेलो की बियाण्यांबरोबर आणखी एक प्रश्न येतो. "साहेब, पोरगं म्हणतंय, कॉम्प्युटरात फायली लावायला वेगळं सॉफ्टवेअर टाकायचं. टाकू का?" प्रश्न साधा आहे, पण उत्तर एका शब्दात देता येत नाही.

आधी हे समजून घेऊ की संगणक विकत आणला म्हणजे त्यात फायली लावण्याचे एक साधन येतेच. विंडोजमध्ये त्याला फाईल एक्सप्लोरर म्हणतात. पिवळ्या फोल्डरचे चित्र असते ते हेच. हे झाले घरचे औजार. बाहेरच्या माणसांनी तयार केलेली, नंतर आणून बसवायची साधनेही पुष्कळ आहेत. त्यांचा इतिहास जुना आहे. १९८६ मध्ये अमेरिकेत नॉर्टन कमांडर नावाचे साधन आले. पडद्याचे सरळ दोन भाग, डावीकडे एक कप्पा, उजवीकडे दुसरा, आणि मधून माल इकडून तिकडे. त्याच धर्तीवर स्वित्झर्लंडच्या ख्रिश्चन गिसलर यांनी १९९३ मध्ये विंडोजसाठी साधन काढले. ते आज टोटल कमांडर या नावाने चालते. तीस वर्षांहून अधिक काळ एकच साधन टिकते, याचा अर्थ त्यात काही तरी दम असणार.

दम कशात आहे ते सांगतो. समजा, तुमच्या पेनड्राइव्हवर गेल्या वर्षीचे कागद आहेत आणि संगणकावर यंदाचे. कोणते कुठे आहेत, कोणते दोन्हीकडे आहेत, हे घरच्या औजाराने बघायचे तर दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडून एकेक नाव ताडून पाहावे लागते. टोटल कमांडरमध्ये दोन्ही कप्पे समोरासमोर ठेवून मेळ घालायला सांगितले की कोणती फाईल कोणत्या बाजूला नाही ते तेच दाखवते. दोनशे फोटोंना तारीख आणि गटनंबर घालून नावे द्यायची असतील तरी ते काम एका दमात होते. सेतू केंद्र चालवणाऱ्या, दिवसाला पन्नास लोकांचे कागद हाताळणाऱ्या मुलाला हे साधन फार उपयोगी. मात्र ते फुकटाचे नाही. महिनाभर वापरून पाहायला मिळते, पुढे पैसे भरावेत अशी अपेक्षा असते.

पण घरात वर्षाकाठी पंचवीस-तीस कागद येत असतील तर? बैलजोडीने होणाऱ्या दोन एकरांसाठी कुणी मोठा ट्रॅक्टर घेत नाही. फाईल एक्सप्लोरर वाटते तितके दुबळे नाही. विंडोजचे बोधचिन्ह असलेली कळ दाबून ई दाबा, ते उघडेल. बरेच फोटो एकदम निवडून एफ-२ कळ दाबली आणि एकच नाव दिले, तर सर्वांना ते नाव आणि पुढे एक, दोन, तीन असे आकडे लागतात. फायलींची गाठोडी बांधणे, म्हणजे झिप करणे, हेही त्यातच होते. चूक झाली तर कंट्रोल आणि झेड दाबून मागे जाता येते. २०२२ पासून विंडोज ११ मध्ये एकाच खिडकीत अनेक कप्पे उघडण्याची सोयही आली आहे. माझे मत विचाराल तर शंभरातल्या नव्वद घरांना एवढे पुरे आहे. राहिलेल्यांनी खुशाल बाहेरचे घ्यावे.

आणि एक गंमत ध्यानात ठेवा. औजार घरचे असो की बाहेरचे, जमीन विंडोजचीच. फाईलला आकड्यांत "७/१२" असे नाव देऊन पाहा. फाईल एक्सप्लोरर नकार देईल आणि टोटल कमांडरही ते नाव देऊ शकणार नाही, कारण ती तिरकी रेघ विंडोजला नावात चालतच नाही. अक्षरी "सातबारा" लिहा. सरकारी संकेतस्थळावर चढवायची फाईल असेल तर नाव इंग्रजी अक्षरांत आणि लहान ठेवा, कारण देवनागरी नावाने कधी कधी अडते. तारीख मात्र आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहा. मग कागद आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. साधन कोणतेही असले तरी हे काम आपल्यालाच करावे लागते, आणि खरे सांगायचे तर निम्मा फायदा एवढ्यातच आहे.

आता फोनकडे वळू, कारण बहुतेक घरांत संगणक नसून फोनच आहे. इथे मात्र मी जास्त कडक बोलणार आहे.

फोनमध्ये बाहेरचे फाईल मॅनेजर टाकले की ते एक परवानगी मागते, सर्व फायली पाहण्याची. म्हणजे ट्रंकेची किल्लीच. ज्याला किल्ली द्यायची तो कोण, हे आपण पाहतो का? ईएस फाईल एक्सप्लोरर नावाचे ॲप एके काळी अतिशय लोकप्रिय होते. आरंभी ते चांगलेही होते. पुढे त्यात जाहिराती आणि नको ती कामे शिरली. जानेवारी २०१९ मध्ये एका संशोधकाने दाखवून दिले की त्याच वायफायवर बसलेल्या दुसऱ्या माणसाला त्या ॲपच्या वाटेने तुमच्या फायली काढून घेता येतात. त्याच वर्षी ते गुगलच्या प्ले स्टोअरमधून गेले. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने जी ५९ ॲप बंद केली, त्यांतही त्याचे नाव होते. त्याच यादीत शेअरइट, झेंडर आणि कागद स्कॅन करणारे कॅमस्कॅनरही होते. ही नावे आपल्या पोरांना पाठ होती! आजही कुणी जुन्या फोनमधून ती दुसऱ्याच्या फोनमध्ये देत असेल तर घेऊ नका.

फोनबरोबर आलेले फाईल मॅनेजर किंवा गुगलचे फाइल्स एवढे बस्स आहे. हे दुसरे २०१७ च्या डिसेंबरात, कमी जागेच्या फोनसाठी आले. ते जागा मोकळी करायला सुचवते. सुचवू द्या, पण काय पुसते आहे ते वाचल्याशिवाय होकार देऊ नका. पिकाचे फोटो आधी वेगळ्या फोल्डरात हलवा, मगच सफाई करा.

फाईल मॅनेजरचा सर्वांत मोठा उपयोग वेगळाच आहे. व्हॉट्सॲपवर "पीएम किसान" च्या नावाने एखादी फाईल येते. फाईलच्या नावाची शेपटी पाहा. शेवटी पीडीएफ किंवा जेपीजी असेल तर तो कागद किंवा फोटो. शेवटी एपीके असेल तर तो कागद नव्हे, फोनमध्ये शिरणारे ॲप आहे. असल्या फायलींनी बँकेची खाती रिकामी झाल्याच्या तक्रारी झाल्या आहेत आणि पोलिसांनी वारंवार इशारेही दिले आहेत. कोणत्याही योजनेचा हप्ता मिळवायला व्हॉट्सॲपवर आलेली एपीके उघडावी लागत नाही. संगणकावर ही शेपटी विंडोज मुळात लपवून ठेवते, हा त्या घरच्या औजाराचा मोठाच दोष. विंडोज ११ मध्ये फाईल एक्सप्लोररच्या व्ह्यू या यादीत शो म्हणून आहे, तिथे फाईल नेम एक्स्टेन्शन्स वर खूण करा. एकदाच करायचे काम आहे, आजच करा.

पंचनाम्याचे फोटो कुणाला पाठवायचे असतील तर व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो आणि कधी, कुठे काढला ही आत नोंदलेली माहिती गळून पडते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर ती टिकते. मूळ फोटो आपल्याकडे राहू द्या.

पेनड्राइव्ह वापरणाऱ्यांनी एक जपावे. संगणकावरची पुसलेली फाईल रिसायकल बिनमध्ये जाऊन पडते, तिथून ती परत आणता येते. पेनड्राइव्हवरून पुसलेली फाईल मात्र तिथे जात नाही. बाहेरच्या संगणकाला लावलेला पेनड्राइव्ह घरी आणल्यावर आधी विषाणू तपासून घ्या. फोल्डरांच्या जागी नुसते शॉर्टकट दिसू लागले तर त्यांवर दाबू नका. फायली बहुधा लपलेल्या असतात, गेलेल्या नसतात. जाणत्या माणसाला दाखवा.

घरात कागद सांभाळणारी बहुतेक वेळा घरची लक्ष्मीच असते. तेव्हा फोल्डर लावताना तिला शेजारी बसवा. जमीन, पीक, बँक, मुलांचे शिक्षण असे चार कप्पे पुरतात. त्यांना नावे तिच्या सांगण्याने द्या, कारण तहसीलमधून तुम्ही फोन कराल तेव्हा शोधणार तीच आहे.