दोन सुया आणि वीस मिनिटे

बंगळूरच्या ‘नम्म मेट्रो’च्या हिरव्या मार्गिकेवरील बनशंकरी स्थानक जून २०१७ मध्ये प्रवाशांसाठी खुले झाले. तेथून निघालेली गाडी राष्ट्रीय विद्यालय रस्ता, जयनगर, साउथ एंड सर्कल, लालबाग, नॅशनल कॉलेज, कृष्णराजेंद्र मार्केट आणि चिकपेट ही स्थानके घेत मॅजेस्टिकला पोहोचते. या प्रवासाला साधारण वीस मिनिटे लागतात. ऑगस्ट २०२५ मध्ये पिवळी मार्गिका सुरू झाल्यापासून इलेक्ट्रॉनिक सिटीकडे जाणारा नोकरदारही याच गाडीत बसतो आणि पुढच्याच स्थानकावर उतरून गाडी बदलतो. सकाळी त्यातील बहुतेकांच्या माना हातातल्या मोबाइलवर झुकलेल्या असतात. कधीमधी एखाद्या कोपऱ्यातील आसनावर मांडीवरच्या पिशवीतून लोकरीचा धागा वर येताना दिसतो आणि दोन सुयांची हालचाल सुरू असते. शेजारचा प्रवासी क्षणभर तिकडे पाहतो. बहुधा त्याला आपली आई किंवा आत्या आठवत असावी.

विणकामाची चर्चा बनशंकरीच्या संदर्भात करण्यास आणखी एक कारण आहे. या वसाहतीला ज्या देवीचे नाव लाभले, तिचे कनकपुरा रस्त्यावरील मंदिर मेट्रो स्थानकापासून हाकेच्या अंतरावर आहे. मंगळवारी, शुक्रवारी आणि रविवारी राहुकाळात तेथे लिंबाच्या उलटवलेल्या सालींत दिवे लावणाऱ्या स्त्रियांची रीघ लागते. देवीचे मूळ स्थान मात्र उत्तर कर्नाटकात, बदामीजवळच्या चोळचगुड्ड येथे आहे. महाराष्ट्रातील कित्येक घराण्यांची ती कुलदेवता आहे. शाकंभरी या नावाने पौषात तिचे नवरात्र बसते. तेथील आजचे मंदिर १७५० मध्ये परशुराम आगळे या मराठा सरदाराने उभारले असे सांगितले जाते. विशेष म्हणजे विणकरांच्या देवांग समाजाचेही हे दैवत आहे. त्याच परिसरातील गुळेदगुड्डच्या मागांवर विणलेला खण मराठी घरांत ओटी भरण्यासाठी येतो आणि त्याच जिल्ह्यातील इळकलचे लुगडे ‘इरकली’ म्हणून आपल्या आजीच्या पेटीत असते. अशा देवीच्या नावाच्या वस्तीत कोणी सुया हाती घेतल्या, तर ते स्थानमाहात्म्याला धरूनच म्हणावे लागेल.

येथे शब्दांचा थोडा गोंधळ आहे. मराठीत माग असो, सुया असोत की बाज, सगळीकडे आपण ‘विणणे’ हे एकच क्रियापद वापरतो. कोळ्याचे जाळेही आपण विणतो. कन्नड भाषा या बाबतीत अधिक काटेकोर आहे. मागावरचे काम ते ‘नेय्गे’ आणि सुयांवरचे किंवा गुंफण्याचे काम ते ‘हेणिगे’. दोहोंत मूलभूत फरक आहे. मागावर उभे आणि आडवे असे धाग्यांचे दोन संच एकमेकांना छेदतात. धनगराची घोंगडी अशीच तयार होते. सुयांवर मात्र एकच अखंड धागा असतो. त्याचा एक फास दुसऱ्या फासातून ओढून घेतला जातो, म्हणूनच हे कापड ताणले जाते आणि पुन्हा मूळ आकारात येते. तिरुपूरहून देशभर जाणारा टी-शर्ट याच तत्त्वाने, पण यंत्रावर विणलेला असतो. त्या यंत्राचा पूर्वज इंग्लंडमधील विल्यम ली याने १५८९ मध्ये तयार केला होता. म्हणजे माहिती तंत्रज्ञानाच्या कचेरीत टी-शर्ट घालून बसलेला तरुण नकळत विणकामच अंगावर वागवत असतो.

सुयांची कथाही ऐकण्यासारखी आहे. ‘पोनी’ ही सुयांवरची मुद्रा महाराष्ट्रातील गृहिणींच्या परिचयाची. या सुया निलगिरीतील केत्ती येथे, १९४९ मध्ये स्थापन झालेल्या नीडल इंडस्ट्रीज या कंपनीत बनतात. वाणिज्य शाखेच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला हे नाव कपाटातील सुयांपेक्षा कंपनी कायद्याच्या पुस्तकातून अधिक ठाऊक असते. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार परदेशी भागधारकांचा हिस्सा ४० टक्क्यांवर आणणे आवश्यक झाले, त्यातून कंपनीने काढलेल्या हक्कभागांवरून वाद उभा राहिला आणि तो सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८१ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निकालपत्रात भागधारकांवर जुलूम झाला नसल्याचे म्हटले होते, पण परदेशी भागधारकांचे झालेले नुकसान भरून देण्याचाही आदेश होता. परीक्षेच्या आदल्या रात्री हा निकाल पाठ करणाऱ्या किती जणांना ही कंपनी आपल्या आईच्या हातातल्या सुयाच बनवते हे माहीत होते, कोण जाणे!

बंगळूरला लोकर कशाला, असा प्रश्न विचारला जातो आणि तो रास्तही आहे. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून अधिक उंचीवरील या शहरात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा साधारण पंधरा-सोळा अंशांपर्यंत उतरतो. ७.८ अंश हा येथील नीचांक जानेवारी १८८४ मधला, आणि त्यानंतर इतकी थंडी या शहराने पाहिलेली नाही. पण आजचा हिवाळा आभाळातून नव्हे, कचेरीच्या छतातून येतो. वातानुकूलित दालनात आठ-नऊ तास बसणाऱ्यांच्या खुर्चीच्या पाठीवर वैशाखातही शाल किंवा बिनबाह्यांचा स्वेटर टांगलेला असतो. त्यामुळे येथे विणणारी मंडळी जाड लोकरीऐवजी पातळ लोकर किंवा सुती धागा पसंत करतात. बाळाचे टोपरे, मोजे आणि क्रोशाचे रुमाल तर बारमाही आहेत. धाग्याच्या शोधात मेट्रोने चिकपेटला उतरावे, त्या जुन्या पेठेच्या गल्ल्यांत एखादी सकाळ सहज निघून जाते.

खरा प्रश्न लोकरीचा नसून वेळेचा आहे. ‘आम्हांला कुठला वेळ!’ हे उत्तर नोकरी करणाऱ्या प्रत्येक घरात तयार असते. त्यात तथ्य नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पण हिशेब मांडून पाहण्यास हरकत नाही. मध्यम मापाच्या स्वेटरचा मागचा भाग शंभर टाक्यांचा आणि एकशेचाळीस ओळींचा धरला, तर चौदा हजार टाके होतात. पुढचा भागही तेवढाच. दोन बाह्यांचे मिळून बारा हजार. एकूण चाळीस हजार टाके. सरावलेला हात मिनिटाला पंचवीस टाके घालतो असे मानले, तर सोळाशे मिनिटे, म्हणजे सुमारे सत्तावीस तास लागतात. बनशंकरी ते मॅजेस्टिक जाण्यायेण्याची चाळीस मिनिटे रोज हाती लागली, तर चाळीस कामाच्या दिवसांत स्वेटर पुरा होतो. आवर्ती ठेवीचे खाते ज्यांनी उघडले आहे त्यांना ही रीत नवी नाही. अर्थात मेट्रोत रोज बसायला जागा मिळते, हे गृहीतक कोणताही लेखापरीक्षक मान्य करणार नाही. उभ्या गर्दीत लांब सुया शेजाऱ्याच्या बरगडीत शिरण्याचाच संभव अधिक. म्हणून जाणकार गर्दीच्या वेळी क्रोशाची एक सुई जवळ बाळगतात, किंवा तारेने जोडलेल्या आखूड गोल सुया वापरतात.

याच हिशेबाची दुसरी बाजू थोडी बोचणारी आहे. ताशी शंभर रुपये इतकी माफक मजुरी धरली, तरी सत्तावीस तासांचे सत्तावीसशे रुपये होतात आणि अर्धा किलो लोकर निराळी. यंत्रावरचा तयार स्वेटर त्याच्या एका हिश्शात मिळतो. तेव्हा हाताचा स्वेटर विकायला काढला, की गिऱ्हाईक प्रथम किंमत ऐकून डोळे विस्फारते आणि मग ‘हल्ली बाजारात किती स्वस्त मिळतात’ हे वाक्य उच्चारते. विणणाऱ्या स्त्रीच्या वेळेला किंमत नाही असे समाजाने पूर्वीच ठरवून टाकले आहे, आणि दुर्दैवाने पुष्कळदा तिनेही. ज्यांना या कलेतून व्यवसाय उभारावयाचा आहे त्यांच्यासाठी एप्रिल २०१५ पासून प्रधानमंत्री मुद्रा योजना आहे. तिच्या ‘शिशु’ गटात ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज मिळू शकते. मात्र अर्ज करण्यापूर्वी आपल्या तासांची मजुरी किमतीत धरली आहे की नाही हे तपासावे. ती न धरता दाखवलेला नफा हा नफा नव्हेच. आणि प्रत्येक छंदाचा व्यवसाय झालाच पाहिजे असेही नाही. दिवसभर उद्दिष्टांच्या मागे धावणाऱ्या माणसाला संध्याकाळीही मागणी आणि मुदत यांच्याच जाळ्यात बसवायचे असेल, तर विरंगुळा उरला कोठे?

हा विरंगुळा कितपत खरा, याचा अभ्यासही झाला आहे. ब्रिटनमधील जिल रायली आणि बेट्सन कॉर्खिल यांच्या गटाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आंतरराष्ट्रीय पाहणीत ३,५४५ विणणाऱ्यांनी उत्तरे दिली. जे अधिक वेळा विणतात त्यांना अधिक शांत आणि आनंदी वाटते, असा संबंध त्यात आढळला. उत्तरे देणारे सगळे आधीच विणकामाचे चाहते होते ही गोष्ट विसरता येत नाही. त्यामुळे विणकामाने मन शांत होते की शांत मनाची माणसे विणायला बसतात, हे त्यावरून सांगणे कठीण. तरी पहिल्या महायुद्धातून खचून परतलेल्या सैनिकांना इस्पितळात विणकामासारखी हस्तकला शिकवली जात असे, हा इतिहास बोलका आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या जलतरण संकुलात ब्रिटनचा सूरपटू टॉम डेली प्रेक्षकांत बसून विणताना साऱ्या जगाने पाहिला. काही दिवसांपूर्वीच त्याने सुवर्णपदक जिंकले होते. पदकावर ओरखडे उठू नयेत म्हणून त्याने त्यासाठी लोकरीची छोटी पिशवीही विणली होती. त्याचे विणकाम मार्च २०२० मध्ये सुरू झाले. अमेरिकेच्या एलिनॉर रूझवेल्ट तर सभा आणि प्रवास दोन्हींत सुया खाली ठेवत नसत.

आपल्याकडे १९६२ च्या चिनी आक्रमणाच्या वेळी गावोगावच्या स्त्रियांनी जवानांसाठी स्वेटर विणले. त्यांपैकी अनेकींना हिमालयातील थंडीची कल्पनाही नव्हती. त्याच जातीचा, पण निराळ्या हेतूने झालेला अलीकडचा उद्योग म्हणजे चेन्नईच्या सुभाश्री नटराजन यांनी उभा केलेला ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ हा गट. घरोघरी विणलेले क्रोशाचे चौकोन जोडून त्यांनी ३१ जानेवारी २०१६ रोजी ११,१४८.५ चौरस मीटरची चादर तयार केली आणि गिनेस बुकात नोंद मिळवली. एका घरच्या एका संध्याकाळचे काम त्यात कुठे दिसणारही नाही.

नोकरदारांनी एक पथ्य मात्र पाळावे. दिवसभर कळफलकावर बोटे चालवून आल्यावर तासन् तास सुया धरणे मनगटाला मानवत नाही. अर्ध्या तासाने हात सोडावेत, बोटे पसरावीत, आणि दुखू लागल्यास ओळ अर्धवट असली तरी सुई खाली ठेवावी. ओळ अर्धवट सोडू नये ही आजीची शिकवण त्या काळी ठीक होती, तेव्हा संगणक नव्हते. आणखी एक सवय बँकेतल्या मंडळींना अंगवळणी आहेच. दिवसअखेर रोकड जुळली नाही तर जशी पावती पावती तपासली जाते, तसे दर दहा ओळींनी टाके मोजावेत. एक टाका कमी भरला तर घाबरण्याचे कारण नाही. निसटलेला टाका शिडीसारखा खाली उतरत जातो आणि क्रोशाच्या सुईने तो पायरी पायरीने वर आणता येतो. चूक वीस ओळींखाली सापडली, तर मात्र उसवण्याला पर्याय नाही. नवशिके याच वेळी काम पिशवीत कोंबून माळ्यावर टाकतात. माळ्यावरच्या अशा पिशव्यांची मोजदाद झाली, तर बुडीत कर्जांच्या यादीइतकीच लांब यादी निघेल.

पण उसवलेला धागा वाया जात नाही, हा या कामाचा मोठा गुण. कापडाला कात्री लागली की लागली. लोकरीचा स्वेटर वाढत्या मुलाला आखूड झाला, तर शिवण सोडवून, वरच्या टोकापासून धागा ओढत तो खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळावा. धाग्यात टाक्यांच्या लाटा पडलेल्या असतात. लडी चार ठिकाणी सैल बांधून कोमट पाण्यात धुवावी आणि खालच्या टोकाला थोडे वजन अडकवून सावलीत टांगावी. दुसऱ्या दिवशी लाटा बऱ्याच ओसरलेल्या असतात. झिजलेला भाग तोडून टाकून उरलेल्या धाग्याचा गुंडा करावा. मोठ्याच्या स्वेटरमधून धाकट्याची टोपी आणि मोजे सहज निघतात, आणि कमी पडलेच तर दुसऱ्या रंगाची पट्टी घालता येते.