अठराव्या शतकातली एक गोळी : ‘गंगाधरपंतांचे पानिपत’

१४ जानेवारी १७६१ ही तारीख मुलांना पाठ असते. विश्वासरावांना गोळी लागली, मराठे हरले, एक गुण मिळाला, संपलं! ‘गोळी हुकली असती तर?’ असं वर्गात विचारलं की आपणच म्हणतो, जर-तरला इतिहासात जागा नाही. डॉ. जयंत नारळीकरांनी ही जागा करून दिली.

त्यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे याच प्रश्नाच्या विचारात असताना ट्रकवर आदळतात आणि एका वेगळ्याच भारतात पोचतात. इथे पानिपत मराठ्यांनी जिंकलंय, देश गुलाम झालेला नाही, आणि मुंबई तेवढी ईस्ट इंडिया कंपनीकडे भाड्याने आहे. पंत खऱ्या अभ्यासकासारखे थेट ग्रंथालय गाठतात, आणि नेमकं कुठे बिनसलं ते बखरीत शोधतात. गोळी विश्वासरावांच्या कानाला चाटून गेली, बस्स एवढाच फरक. पुढे आझाद मैदानावरच्या सभेत अध्यक्षाची रिकामी खुर्ची बघून ते व्यासपीठावर चढतात आणि लोक त्यांचा जो सत्कार करतात, तो मुलांना वाचून दाखवाच. (भाषणं ऐकून कंटाळलेल्या शिक्षकांनाही आवडेल.)

तसं पाहिलं तर हा काळप्रवास नाही. पंत भूतकाळात जात नाहीत, ते दुसऱ्या वर्तमानात जातात. हा फरक मुलांना नीट समजवा.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते बखरीचं पान. पंतांचं ऐकून मित्र राजेंद्र देशपांडे आधी त्याला कल्पनेचा खेळ समजतो. खिशातून फाटकं पान निघतं तेव्हा तो गंभीर होतो. म्हणजे नुसतं सांगून भागत नाही, पुरावा लागतो. वर्गात एवढंच करा: फळ्यावर दोन रकाने, एकात आपलं पानिपत, दुसऱ्यात पंतांचं. कोणत्या वाक्यापासून वाटा फुटल्या, ते मुलांनाच शोधू द्या.

एनसीईआरटीच्या अकरावीच्या ‘हॉर्नबिल’ या इंग्रजी पुस्तकात हीच कथा ‘द अ‍ॅडव्हेंचर’ नावाने आली आहे. घरी अकरावीचं मूल असेल तर आधी मराठी कथा वाचायला द्या, मग धडा. लहानांना गोष्ट म्हणून सांगितली तरी चालेल. शेवटी राजेंद्र इलेक्ट्रॉनचं विज्ञान सांगतो, ते त्यांच्यापुरतं सोडून द्या.

आता आपल्या नवेगाव बांधकडे या. पानिपत इथून लांब, पण अठरावं शतक आपल्या दाराशीच आहे. हा तलाव त्याच शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं सांगतात. मुलांना विचारा, ही पाळ घातलीच नसती तर? धान कुठे पिकलं असतं, मासोळी कुठून आली असती, थंडीत पाखरं कुठे उतरली असती, आणि गावाच्या नावात ‘बांध’ आला असता का? उत्तर लिहिताना अट एकच: प्रत्येक वाक्याला एक पुरावा. नकाशा चालेल, सातबारा चालेल, घरातल्या आजोबांची आठवण चालेल, पण ती कोणाकडून ऐकली हे लिहिलेलं हवं.