ग्रीक शिल्प आणि रोमन प्रतिकृति

कोल्हापूरच्या टाउन हॉल वस्तुसंग्रहालयांत ब्राँझची एक मूर्ति आहे. तिची उंची वितीपेक्षांही कमी भरेल. ती ग्रीकांच्या पॉसायडन नांवाच्या समुद्रदेवतेची असून इ. स. १९४४-४५ च्या सुमारास शहरालगतच्या, पंचगंगेकांठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सांपडली. सातवाहनांच्या अमदानींत रोमन साम्राज्याशीं जो व्यापार चालत असे, त्यांतून ती इकडे आली असावी असें संशोधक मानतात. देवाच्या हातांतील त्रिशूळ आतां उरलेला नाहीं. पण उभे राहण्याची ऐट मात्र कायम आहे. अंगाचा भार एका पायावर, दुसरा पाय सैल. ही वरवर साधी दिसणारी गोष्ट साधण्यास ग्रीक शिल्पकारांना शंभरांहून अधिक वर्षें लागलीं.

नभोवाणीवरून मूर्ति दाखवितां येत नाहीं. परंतु येथें तिची तितकीशी गरजही नाहीं. श्रोत्यानें जागेवरून उठून प्रथम दोन्ही पायांवर सारखा भार देऊन ताठ उभें राहावें. मग सगळा भार उजव्या पायावर टाकून डावा सैल सोडावा. कमरेची उजवी बाजू तत्काळ वर चढते व डावी उतरते. खांद्यांचा कल त्याच्या उलट होतो. पाठीच्या कण्यास हलका बांक येतो. हललें तें एक पाऊल, पण बदललें तें सारें शरीर. ग्रीक शिल्पकलेचा विकास समजून घेण्याची किल्ली या एवढ्याशा कृतींत आहे.

इ. स. पूर्वी सहाशेंच्या सुमारास ग्रीक लोक संगमरवरी दगडांत तरुण पुरुषांचे मोठमोठे पुतळे घडवूं लागले. उभे राहण्याची रीत त्यांनीं ईजिप्तपासून घेतली : डावें पाऊल पुढें, हात मांड्यांशीं टेकलेले, मुठी आवळलेल्या, नजर समोर. मात्र ईजिप्तमधील पुतळ्याच्या पाठीशीं जो दगडाचा आधार ठेवीत तो ग्रीकांनीं काढून टाकला, व मूर्ति स्वतःच्या पायांवर मोकळी उभी केली. तरीही तो तरुण चालतही नाहीं आणि विसांवतही नाहीं. एक पाऊल पुढें असूनही त्याची कंबर हललेली नाहीं. भार दोन्ही पायांवर सारखाच वांटलेला आहे.

इ. स. पूर्वी ४८० मध्यें इराणी सैन्यानें अथेन्स जाळलें व अक्रोपोलिस या गडावरील देवळें व मूर्ति फोडल्या. अथेन्सकरांनीं परत आल्यावर भग्न मूर्ति तेथेंच भरावांत पुरल्या. एकोणिसाव्या शतकांत अक्रोपोलिसवर जें उत्खनन झालें, त्यांत एका कुमाराचा संगमरवरी पुतळा हातीं लागला. तो सुमारें याच काळांतला. त्याचा भार डाव्या पायावर असून उजवा गुडघा वांकलेला आहे, मान किंचित् वळलेली आहे, आणि जुन्या पुतळ्यांच्या ओठांवरील ठराविक स्मित मावळलें आहे. दगडांतला माणूस येथें प्रथमच आपल्या मनाशीं कांहीं विचार करीत असल्यासारखा दिसतो.

पुढें चाळीसएक वर्षांनीं पॉलिक्लिटस या शिल्पकारानें हा शोध नियमांत बसविला. शरीराच्या अवयवांचें परस्परांशीं प्रमाण काय असावें यावर त्यानें ग्रंथ लिहिला, आणि उदाहरणादाखल भालाधारी तरुणाचा ब्राँझचा पुतळा घडविला. त्याचा उजवा पाय भार वाहतो, तर उजवा हात सैल आहे. डावा पाय सैल आहे, तर डावा हात भाला पेलतो. श्रम आणि विश्रांति यांचा असा तिरपा तोल त्यानें साधला. पुढच्या शतकांत प्रॅक्झिटेलीसनें त्या देहास लालित्य दिलें, आणि शिकंदराच्या प्रतिमा घडविणाऱ्या लिसिपसनें डोकें लहान व बांधा सडपातळ केला. शिकंदरानंतरच्या शिल्पकारांनीं तर वेदनाही मूर्त केली. परगामम येथील राजानें गॉल टोळ्यांवर विजय मिळविला, तेव्हां उभारलेल्या स्मारकांत जखमी होऊन मरणोन्मुख बसलेल्या शत्रूलाही स्थान मिळालें, आणि तेंही हेटाळणीनें नव्हे तर आदरानें.

परंतु भालाधाऱ्याचा तो मूळ पुतळा आज कोठेंही नाहीं. ब्राँझ हा मोलाचा धातु. तो वितळवून नाणीं पाडतां येतात, शस्त्रें ओततां येतात. त्यामुळें ग्रीकांचे बहुतेक ब्राँझ पुतळे भट्टींत गेले. जे वांचले त्यांतील कित्येक केवळ समुद्रांत बुडाल्यामुळें. इ. स. १९७२ मध्यें इटलीच्या दक्षिण टोंकाजवळ रिआचे येथें समुद्रतळाशीं दोन योद्धे सांपडले. त्यांचे ओठ तांब्याचे आहेत, आणि एकाचे दांत चांदीच्या पत्र्याचे आहेत. मूळ पुतळे किती सजीव दिसत असतील याची त्यांवरून कल्पना येते. संगमरवरी मूर्तिही शुभ्र नव्हत्या. त्यांवर रंग चढविलेला असे.

बाकीच्यांची ओळख राहिली ती रोमनांमुळें. इ. स. पूर्वी १४६ मध्यें रोमन सेनापतीनें कॉरिंथ शहर लुटलें, तेव्हां ग्रीक मूर्ति जहाजें भरभरून रोमला गेल्या. त्यांची गोडी एवढी लागली कीं मूळ मूर्ति पुरेनात. मग संगमरवरांत नकला सुरू झाल्या. दगड ब्राँझसारखा चिवट नसल्यामुळें घोट्यांवर मोडूं नये म्हणून नकलेच्या पायाशीं झाडाचा बुंधा कोरीत. पाँपेई येथें सांपडलेल्या भालाधाऱ्याच्या प्रतिकृतीच्या पायाशींही असा बुंधा आहे.

तथापि रोमन शिल्पकार केवळ नक्कल करणारे होते असें म्हणणें अन्यायाचें होईल. रोमन सरदारांच्या घरीं अधिकारपदें भूषविलेल्या पूर्वजांचे मेणाचे मुखवटे जपून ठेवीत व अंत्ययात्रेंत मिरवीत. ज्यांना पूर्वजाचा चेहरा ओळखूं यावयास हवा होता, त्यांना ग्रीकांचें निर्दोष सौंदर्य पुरण्यासारखें नव्हतें. म्हणून रोमन पुतळ्यांत सुरकुत्या, टक्कल, ओघळलेले गाल हीं सारीं प्रामाणिकपणें आलीं. ग्रीकांनीं माणूस कसा असावा तें दाखविलें; रोमनांनीं अमुक एक माणूस कसा होता तें दाखविलें. रोमजवळ प्रिमा पोर्ता येथें इ. स. १८६३ मध्यें सांपडलेल्या सम्राट् ऑगस्टसच्या पुतळ्यांत दोन्ही प्रवाह मिळाले आहेत : उभे राहणें भालाधाऱ्याचें, चेहरा ऑगस्टसचा.

कालांतरानें तो तोल पुन्हां सुटला. इ. स. ३१५ मध्यें उभारलेल्या कॉन्स्टंटाइनच्या कमानीवर जुन्या सम्राटांच्या स्मारकांतील सुबक शिल्पें काढून बसविलीं आहेत. शेजारीं त्या काळीं नव्यानें कोरलेल्या आकृति मात्र ठेंगण्या, ताठ व समोर पाहणाऱ्या आहेत. सत्ता दाखवावयाची होती. देहाची सहजता नको होती.

मूळ कृति श्रेष्ठ आणि प्रतिकृति हलकी, असें सहज म्हटलें जातें. पण धनी मूळ कृति वितळवीत असतां कोणा निनांवी कारागिराच्या नकलेनेंच पॉलिक्लिटसचें पाऊल जगासाठीं राखून ठेविलें. ब्रह्मपुरीचा तो चिमुकला समुद्रदेव, त्रिशूळ गमावूनही, त्याच पावलावर उभा आहे.